कानडी वहीतली कोरी ओळ

ताई, तुमाला कानडी येतं म्हणलात न्हाई का आत्ता? खरंच येतं? वाचताबी येतं? — मंग बसा. बसा म्हणते ना, तो कॅन सरकवा पलीकडं, रिकामाच हाय. सगळेच रिकामे हायत. दूध संस्थेत दूध न्हाई, असं कदी बघितलंय का तुमी? पोळा झाल्यापासून पावसाचा थेंब न्हाई, चारा न्हाई, निम्मी जनावरं बाजारात गेली — आज सकाळी अख्ख्या गावाचं एकवीस लिटर आलं. मागं ह्याच दिवसांत दोनशे यायचं. गाडीवाला दिंद्रुडातनंच माघारी वळतो, एवढ्यासाठी डिझेल कोण जाळणार म्हणतो. तवा मला काई काम न्हाई. पुण्याहून आमची बोली टिपायला आलात, तवा मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू राहू द्या, तुमच्या यादीतलं सगळं सांगते मी — पाण्याला काय म्हणता, बहिणीला काय म्हणता, 'गेलतो' म्हणता का 'गेलो होतो' म्हणता, सगळं. दहावी झालीय माझी, हितल्या पावत्या मीच लिहिते. पण आदी माझं एक काम करा. माझीबी एक यादी हाय.

ही घ्या वही. हसू नका, अक्षर बरं हाय पण आत सगळं मिसळलंय. डावीकडं आपलं, उजवीकडं कानडी — कानडी आपल्याच अक्षरात लिहिलंय, त्यांची ती गोल गोल अक्षरं मला कुठली येतात? पाणी — नीरु. पोट — होट्टे. डोकं — तले. दुखणं — नोवु. पुरे — साकु. गाडी थांबवा — निल्लिसि. बरोबर हायत का? हायत ना? — बघा, मांजरसुंब्याच्या ढाब्यावर उभी राहून गोळा केलेत हे. तिकडच्या गाड्या थांबतात तितं, ड्रायव्हर जेवायला बसले की मी जाऊन विचारायची. आमच्या गावचा त्रिंबक तितं रोट्या भाजतो, तो मला बघितलं की वरडायचा, "आली बगा भामामावशी, द्या तिला दोन शब्द वाढून!" लोक हसायचे. हसू द्या. एका सरदारजीनं मला घटकाभर पंजाबी शिकवलं, मंग कळलं हा कानडी न्हाईच म्हणून. पण ताई, ड्रायव्हरला मी काय काय विचारणार? डोकं विचारलं, हात विचारला, पोट विचारलं. पोटाच्या खालचं कसं विचारायचं परक्या गड्याला? ते रिकामंच राहिलं. ती मागची तीन पानं बघा — डावीकडं भरलंय, उजवीकडं काई न्हाई. तेवढं भरून द्या. आजच द्या. उद्या पहाटं ट्रक येतोय.

केसरला द्यायचीय ही वही. केसर म्हणजे माझी पोरगी — म्हणजे माझ्या धाकट्या जावेची, पारूची. पण दोन वर्षांची होती तवापासून माझ्याजवळच हाय, मला मोठी आई म्हणती. एकोणीस वर्षांची झाली. लगीन झालं, आता चवथा महिना चालूय, आणि नवऱ्याबरोबर ऊसतोडीला कर्नाटकात चाललीय, सहकारी कारखान्यावर. मी नको म्हणलं. लई नको म्हणलं. जावई म्हणले, "मामी, हितं राहून काय करू, दगडं चाटू?" खरंच हाय ते. हितं प्यायला पाणी न्हाई. तिकडं ऊस हाय म्हणजे पाणी तरी हाय. आणि केसर माझ्यावर हसती. म्हणती, "मोठी आई, वही कावून? मोबाईलमधी सगळं मिळतं, इकडं मराठी बोललं की तिकडनं कानडी निघतं." म्हणलं, बाई, उसाच्या फडात रेंज न्हाई, आणि तो मोबाईल कुणाच्या खिशात राहतो, तुझ्या का नवऱ्याच्या?

आता तुमी म्हणाल, दुकानात पुस्तक मिळत आसंल. मिळतं की. बीडच्या स्टँडवर घेतलं मी एक, मराठीतून कानडी शिकायचं. काय हाय त्यात? 'मला खिडकीजवळची जागा पाहिजे.' 'ह्या रेशमी साडीची किंमत काय?' 'आपलं शहर फार सुंदर हाय.' — अवो, कोयता घेऊन चाललेली बाई कुणाला सांगणार हाय आपलं शहर सुंदर हाय म्हणून? त्यात आजारपणाचं एक पान हाय. सर्दी, खोकला, दाताचं दुखणं. संपलं. दरसाल एवढ्या बाया ह्या जिल्ह्यातनं तिकडं जातात, कुणाचं चार महिन्याचं पोट, कुणाचं सात महिन्याचं, आणि त्यांच्यासाठी एक चोपडं कुणी काढलं न्हाई. तुमच्या यादीतबी न्हाई. बघितली मी तुमची यादी, तुमी पाणी प्यायला गेल्तात तवा. चिमणी हाय, चांदणी हाय, मामाची बायको हाय. दुखतंय न्हाई. पाळी न्हाई. राग मानू नका, तुमी चांगल्या हायत, एवढ्या उन्हात आलात. मी आपलं बोलले.

लिहा. पहिलं — 'मला दिवस गेलेत.' … बसुरी? नुसतं बसुरी म्हणलं तरी कळंल? बरं. 'चवथा महिना हाय.' लिहा. 'बाळ हलत न्हाई.' 'चक्कर येती.' 'मला मोळी उचलवत न्हाई.' 'बाई-डॉक्टर पाहिजे.' — ह्याच्याखाली दोन रेघा मारा. 'इंजेक्शन कशाचं हाय?' 'सही करणार न्हाई, आदी वाचून दाखवा.' … हे कुठनं सुचलं म्हणता? सुचलं आपलं. मला सतरा वर्षं झाली सुचायला. — ती मधली ओळ राहू द्या. सोडून द्या ती, खालची लिहा.

पारू कशी गेली, हे केसरला माहीत न्हाई बरं का. तिला सांगितलंय, तुजी आई तापानं गेली. ताप न्हवता. पारूबी तवा पोटुशीच होती, पाचवा महिना. तवाबी असाच दुष्काळ, सगळं घर तिकडं गेल्तं तोडीला — आमी तिघी जावा, तिघं भाऊ. थोरले आश्रुबा, ते टोळीचे मुकादम. मधले आमचे मालक. धाकटे शहादेव, ते पारूचे. टोळीत कानडी येणारं माणूस एकच, आश्रुबा. मुकादमालाच येतं, बाकीच्यांला काय गरज — ऊस काय कानडी बोलतो का, असं म्हणायचे ते, आणि आमी हसायचो. बाजार करायचा तर त्यांला घेऊन, दवाखाना तर त्यांला घेऊन, साधं दळण आणायचं तरी ते आदी जाऊन बोलायचे. आता ते माझे भाया, नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्यात भायाच्या म्होरं बाई उभी राहत न्हाई, चप्पल घालून जात न्हाई, पदर डोळ्यापर्यंत. लग्नाला बारा वर्षं झाल्ती माझ्या, त्यांच्याशी समोरासमोर मी चार वाक्यंबी बोलले नव्हते. काई सांगायचं तर भिंतीला सांगितल्यासारखं सांगायचं — 'पीठ संपलंय म्हणावं.' वाईट न्हवते हो. आवाजबी कदी चढवला न्हाई. रीतच तशी.

तर त्या दिवशी फडात पारू खाली बसली. मी मोळी टाकून गेले, तर पातळ मागनं भिजलेलं. शहादेव आणि आमचे मालक ट्रकाबरोबर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेलेले. आश्रुबाच होते, त्यांनीच कुणाची तरी गाडी आणली आणि आमाला दवाखान्यात नेलं. छोटा दवाखाना, एक डॉक्टर, एक म्हातारी नर्स. ती नर्स — आजून दिसती मला. पारूला तिनं आडवं केलं, हात धरला, आणि विचारायला लागली. एकदा विचारलं, दोनदा विचारलं, सावकाश विचारलं, माझ्या तोंडाकडं बघून विचारलं. आमाला कानडी कुठलं? मंग भायांनी दारातनं सांगितलं त्यांच्या भाषेत, पोट दुखतंय म्हणून. गोळ्या दिल्या. आमी परत आमच्या पाचटाच्या कोपीवर आलो. — म्हणून म्हणते ताई, पुस्तक पाहिजे होतं. चार पानाचं असतं तरी झालं असतं. भाषा आली असती तर पारू आज हितं बसली असती, केसरच्या डोहाळेजेवणाचा घाट घालत.

काय? … ती मधली ओळ? तुमी फार बारीक बघता बाई. राहू द्या म्हणलं ना ती. — 'रक्त जातंय.' हो, डावीकडं मीच लिहिलंय. उजवीकडं कोरं हाय. काय म्हणता? तिकडंबी रक्तच म्हणतात? वेगळं लिहायची गरज न्हाई? …

माहीत हाय मला.

माहीत हाय ताई. सतरा वर्षं माहीत हाय. — ती नर्स आदी काईबाई विचारत होती, ते न्हाई कळलं, खरंच न्हाई कळलं. मंग ती थांबली. पारूच्या पातळाकडं बोट केलं आणि एकच शब्द म्हणली, माझ्याकडं बघून — "रक्त?" आता एवढं न कळायला मी काय खुळी हाय का? दहावीला होता की हो शब्द, रक्ताभिसरण म्हणून धडाच होता. आणि भाया दारात उभे. त्यांच्या म्होरं मी मान हलवली — न्हाई म्हणून. पातळ मी वाटंतच बदललं होतं तिचं, गाडीच्या आडोशाला, माझं घडीचं नेसवलं होतं. का? तर भाया बघतील म्हणून. आणि वाटंत तिला बजावलंबी होतं मी — पारू, भायांच्या म्होरं तू काई बोलू नको, मी बोलते. मंग बोलले मी. दाराकडं पाठ केली, पदर ओढला आणि भिंतीला सांगितलं — 'काल शिळं कालवण खाल्लंय म्हणावं, पोटात कळा येतायत.' शिळं काई खाल्लं न्हवतं. ते मी रचलं. भायांनी शब्दाला शब्द तसंच सांगितलं डॉक्टरला, त्यांनी आपलं काम चोख केलं. नर्सनं परत माझ्याकडं बघितलं. परत तेच विचारलं. मी परत मान हलवली. पारूनं माझा हात एवढा आवळला की बांगडी पिचली — पण मोठी जाऊ न्हाई म्हणल्यावर धाकटी कुठनं हो म्हणंल?

मंग मी हे पुस्तकाचं काढलं. आदी भायांला सांगितलं, भाषा न आल्यानं गेली. मंग शहादेवला सांगितलं. मंग सांगता सांगता मलाच ते पटाय लागलं. ढाब्यावर उभी राहून शब्द गोळा करायची, लोकांला वाटायचं काय बाई हाय, पुतणीसाठी एवढं करती. ह्या ओळीशी आले की पेन थांबायचं. ती भरली की मंग भाषा येत न्हवती, पुस्तक न्हवतं, हे निमित्त राहतच न्हाई ना.

रडत न्हाई मी. धूळ हाय.

भरा ती ओळ. लिहा — रक्त. मोठ्या अक्षरात. आणि ताई, त्याच्याखाली एक वाक्य पाहिजे, ते तुमच्या पुस्तकातबी नसंल आणि मोबाईलमधीबी कुणी विचारलं नसंल. 'हे जे दारात उभे हायत, ह्यांला आदी बाहेर पाठवा.' कसं म्हणायचं? … परत म्हणा. इवरन्नु होरगे कळिसि. इवरन्नु — होरगे — कळिसि. एवढंच? तीनच शब्द? … लिहा. हे पहिल्या पानावर लिहा, नीरुच्या वर. नवरा असू द्या, मुकादम असू द्या, सासरा असू द्या — आदी हे म्हणायचं, आणि मंग पुढचं. आज संध्याकाळी केसरला समोर बसवून पाठ करून घेते. आणि कावून ते विचारलं, तर — तर सांगन. तापाचं सोडून सांगन.

हे तुमचं रेकॉर्डिंग चालूच होतं व्हय? सगळं गेलं आत? — पुसू नका. पुण्यात तुमचं पुस्तक निघंल तवा निघंल, त्यात माझं नाव नका घालू, तेवढं वाक्य घाला. चला, उठा आता, साडेचारची एसटी गेली की मंग उद्यापर्यंत काई न्हाई. वही द्या हिकडं. तुमच्या यादीतलं चिमणीबिमणी पुढल्या वक्ताला सांगते. जा.

काय? पारूचं? … दुसऱ्या दिवशी पहाटं ती कोपीतच गेली, आमी तिला तितंच ओढ्याकाठी अग्नी दिला, आणि नऊ वाजता भायांच्या मागनं सगळे फडात गेलो.