फळ्यावरची सरस्वती

हसू नका, पण मला पहिल्यांदा खटकलं ते भाचीच्या हातातलं ओलं फडकं. दसऱ्याला पौडला घरी गेले होते. पाटीपूजनासाठी पाटी पुसत ती म्हणाली, "आत्या, पुसल्याबिगर सरस्वती कुटं काढू?"

पुण्याला आमच्या ऑफिसातही आज पूजा होती, आणि तिथली पाटी म्हणजे कॉम्प्युटरच्या खोलीतला फळा! कुणाचं काम कुठे ठेवलंय हे त्या काळी कॉम्प्युटरच्या डिस्कला माहीतच नसे. आम्ही ज्याच्या त्याच्या जागेचे आकडे खडूनं फळ्यावर लिहायचो. फळा पुसला, की जागा मोकळी समजून कुणीही माझ्या वर्षभराच्या पावसाच्या हिशेबावर आपलं काम उतरवणार.

धावत पोस्टात गेले. "पोरी, आज सुट्टी हाय," म्हणत पोस्टमास्तरकाकांनी ट्रंक कॉल लावलाच. घंटा वाजतच राहिली.

"न्हाई उचलत कुणी."

"काका, अजून थोडं!"

अखेर आमच्या सबनीसांनी फोन उचलला.

"सबनीस, फळा पुसू नका!"

"पुसला की! सरस्वती काय सुरेख आलीय. पण घाबरू नका, मशीनही पूजेला बसवलंय, उद्यापर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. सांगा तुमचे आकडे, सरस्वतीच्या पायाशी लिहून ठेवतो."