वाटणीत राहिलेलं नाव

—नको, ही तर मुळीच नको, बेन. खोडून टाका. स्वस्त आहे, मोठी आहे, टीव्हीवर दिसते — दिसू दे. टीव्हीवर सुऱ्या पण दिसतात, टोमॅटो कापायला घ्या, टोमॅटो हसतो. मी एवढंच विचारलं, की वेबसाइटचं नाव जुन्या कंपनीतून उचलून या नव्या कंपनीत न्यायचं तर मालकाला विचारतात का? तर तुम्ही म्हणालात, कोड टाकला की झालं, कुणी टाकला ते कोण बघतंय. मग झालाच की विश्वास! आज जो माझ्यासाठी न विचारता नाव हलवतो, तो उद्या माझ्याकडून पण न विचारता हलवेल. रजिस्ट्रार म्हणता ना तुम्ही या कंपन्यांना? मला वाटायचं रजिस्ट्रार म्हणजे कोर्टात लग्न लावणारा. पण तो सुद्धा दोघांना विचारतो हो, साक्षीदार उभे करतो, मग सही घेतो. आणि ही तुमची मोठी कंपनी — तुम्ही अडदिया घ्या ना, हातात धरून काय बसलात. लाभपाचम आहे, दिवाळीनंतर आजच दुकान उघडलंय, तोंड गोड केल्याशिवाय इथून कुणी उठत नाही. विकतचा नाही, शेजारच्या मणिबेनने पाठवलाय. घरी कोण करणार आता? रतन गेल्यापासून कढई फळीवरून खाली उतरलीच नाही, आणि मुली आपापल्या घरी. घ्या, अजून एक घ्या, मला एकट्याला संपत नाही.

मालक मीच? कोण म्हणालं तुम्हाला मी मालक? हां, दुकान माझं. भट्टी माझी, सुऱ्या माझ्या हातच्या, अडकित्ते माझ्या हातचे, वेबसाइटचे फोटो तर तुम्हीच काढलेत, तुमच्या कॉम्प्युटरच्या दुकानातून येऊन. पण नाव — ते तुमचं डोमेन, हीरजी छाप डॉट कॉम — ते धनजीच्या नावावर. धनजी म्हणजे माझा धाकटा भाऊ. राजकोटला असतो. सांगितलं नाही तुम्हाला? सांगण्यासारखं काय आहे त्यात. हीरजी आमचा बाप, पात्यावर ठसा असतो तो त्याचा. बाप गेल्यावर दोघं भाऊ याच दुकानात बसायचो, मी भट्टीला, तो गिऱ्हाइकाला. आणि ही वेबसाइट धनजीचंच खूळ! मी हसलो होतो. म्हटलं, सुरी घ्यायला माणूस अंजारला येतो, हवेतून कोण घेणार? पण त्याने लाभपाचमचा मुहूर्त धरला, आणि मुहूर्त म्हटल्यावर मग मी मागे कशाला राहतो — कॉम्प्युटरच्या काचेला कंकू लावलं, नारळ फोडला, तो असा फुटला की पाणी सगळं त्या बटणांवर. धनजी ओरडतोय, मोटाभाई, मोटाभाई, काय करताय, आणि मी फडक्याने पुसतोय, आणि रतन दारात उभी राहून पदर तोंडाला लावून हसतेय. हसा, तुम्ही पण हसा. तेव्हा या दुकानात खूप हसायचे लोक.

मग वाटणी झाली. का झाली ते सोडा. सोडा म्हणतो आणि सांगतो — त्याला यंत्रावरची पाती आणायची होती बाहेरून, आणि वर बापाचा ठसा मारायचा होता. मी म्हटलं, ज्या लोखंडाला बापाच्या घरात घण लागला नाही त्यावर बापाचं नाव लागणार नाही. आजही तेच म्हणेन, कुणीही येऊन विचारा. तो म्हणाला, तुम्ही या भट्टीबरोबरच विझाल. म्हणाला ते म्हणाला. ज्ञातीतले पाच जण बसले इथेच, या ओट्यावर, आणि जेवणाच्या आत सगळं वाटून मोकळे झाले. भट्टी मला, घासायचं चाक त्याला, ऐरण मला, घाऊक गिऱ्हाइकं त्याला. आईची पितळेची भांडीसुद्धा एक याला, एक त्याला. मग धनजीच म्हणाला, अजून वेबसाइटचं नाव राहिलं. तर सगळ्यांत वडील जे पंच होते ते म्हणाले, जे काय असेल ते इथे मध्ये आणून ठेवा. मध्ये! भांड्यांच्या शेजारी! धनजी बिचारा समजावतोय, काका, ते ठेवता येत नाही, ते कुठे नसतंच, आणि त्याचे दोन तुकडे पण होत नाहीत. तेव्हा ते म्हणाले, जे दिसत नाही त्याची वाटणी नाही, राहू दे तसंच. पाचामुखी परमेश्वर. राहिलं तसंच. त्याच्या फोनवर, त्याच्या मेलवर, त्याच्या नावावर — आणि वापरतो मी. बंद करायचं मनात आणलं असतं तर त्याला एका बोटाचं काम होतं. नाही केलं. का नाही केलं ते मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. विचारणार कधी? बोलणंच बंद झालं ना.

दुसरी कंपनी? हो, वाचा, ऐकतोय. बरं. बरं, मालकाला मेल जाते, हे चांगलं आहे — थांबा, थांबा, पुढचं परत वाचा. पाच दिवस मालक काहीच बोलला नाही तर होकार धरतात? हे कुणी ठरवलं? अमेरिकेतल्यांनी? त्यांच्यात भाऊ नसतात वाटतं. बेन, गप्प बसणं म्हणजे हो असेल तर मग आम्ही दोघं इतकी वर्षं एकमेकांना हो-हो-हो म्हणतोय! नाही, ही पण नको. जगात सगळीकडे चालते? चालू दे. मला नाही चालत.

आता बोलणं अगदीच बंद आहे असंही नाही म्हणा. लाभपाचमच्या दिवशी खोटं कशाला बोलू. वर्षातून एकदा बोलतो आम्ही. मुहूर्त आजचा होता ना, तर नाव पुढच्या वर्षासाठी चालू ठेवायचं ते याच दिवसांत येतं. भरायचं ते मी भरतो, पण कंपनीचा कोड जातो त्याच्या फोनवर. मग तो मला फोन करतो. साल मुबारक नाही, कसे आहात नाही — आकडे वाचतो. चार, शून्य, सात, असे. मी लिहितो. तो ठेवतो. पहिल्या वर्षी एवढंच झालं. दुसऱ्या वर्षी — हे तुमच्यापाशी राहू द्या — मी म्हटलं, ऐकू नाही आलं, घण मारून मारून कान गेलेत, परत सांग. कान ठणठणीत आहेत माझे, बाहेर गाय थांबली तरी मला कळतं. पण त्याने परत वाचलं. हळू वाचलं, एकेक आकडा, मुलाला घास भरवावा तसं. मग काय, दरवर्षी मी परत वाचायला लावू लागलो. एकदा इतका वेळ घालवला की कोड शिळा झाला, नवा मागवावा लागला, आणि तो नवा वाचायला त्याने दुसऱ्यांदा फोन केला! एका दिवसात दोनदा! तेव्हा म्हणाला, चष्मा लावून लिहा ना. बघा, चष्म्याचं म्हणाला. म्हणजे माझा नंबर वाढला असेल हे त्याच्या डोक्यात होतं, नाहीतर कशाला म्हणेल? आणि खोकत होता. कोरडा खोकला, बापाला होता तसा. मी विचारणार होतो, अगदी ओठावर आलं होतं, तोवर ठेवला त्याने.

मी का नाही करत? मी थोरला आहे, बेन. नव्या वर्षाला धाकट्याने पाया पडायला यायचं असतं, थोरल्याने घरी बसायचं असतं. मी बसतो. दरवर्षी धुतलेला झब्बा घालून सकाळपासून बसतो. शेजारची पोरं येतात, पाया पडतात, नोटा घेऊन जातात. तो येत नाही, ते मी धरून चालतो, पण लाभपाचमचा फोन — तो यायचाच. आणि गेल्या वर्षी आला नाही. मेसेज आला. नुसते आकडे. वर काही नाही, खाली काही नाही. मोठे, स्वच्छ, आंधळ्याने वाचावेत असे. आता ऐकू आलं नाही असं कसं म्हणणार, सांगा? तेव्हाच मी मनाशी ठरवलं, की ही जुनी कंपनी काही विश्वासाची राहिली नाही.

तिसरी अमदावादची? लहान आहे. असू दे, आपण कुठे मोठे आहोत. काय करते? माणूस फोन करतो? खरा माणूस, तोंडाने? मालकाचा आवाज ऐकल्याशिवाय, त्याला दोनदा विचारल्याशिवाय नाव हलवत नाही… हीच. अहो हीच, बेन, ही तुम्ही शेवटी काय ठेवलीत? उशीर लागतो? लागू दे. कटकटीची आहे? तर मग फारच छान. तुम्ही म्हणाल, ताकाला जाऊन भांडं लपवतोय म्हातारा. म्हणा. पण ऐका — आता ती कंपनीची मुलगी राजकोटला फोन लावणार. तो दुकानातच असणार, पूजा आटोपून गादीवर बसला असेल. ती विचारणार, हीरजी छाप हे तुमचं नाव प्रागजीभाई घेऊन चाललेत, देऊ का? भडकेल तो! लहानपणापासून राग नाकावर. म्हणेल, असे कसे घेऊन चाललेत, मी काय मेलोय? तिचा ठेवेल आणि मला लावेल. मोटाभाई, हे काय चालवलंय तुम्ही? अस्संच म्हणेल. शिव्या देईल, देऊ दे. मी सगळं ठरवून ठेवलंय. त्याला बोलू द्यायचं, मध्ये तोडायचं नाही, तोडलं की ठेवून देतो तो. बोलून बोलून दमला, की मग मी म्हणणार, खोकला कसा आहे तुझा.

अर्ज पाठवलात? फोन लगेच करतात म्हणता? मग माझा फोन इथे ऐरणीवर ठेवू. आवाज पूर्ण आहे ना, बघा जरा. — कोण? — भाई, दुपारनंतर या. आहेत, अडकित्ते आहेत, सगळे आहेत, पण आत्ता नाही. हो, माहीत आहे बोहणी आहे, लाभपाचमची बोहणी परत पाठवू नये हे पण माहीत आहे, तुमच्यापेक्षा जास्त दिवाळ्या पाहिल्यात मी. दुपारी या. साल मुबारक. — काय बघताय, बेन? येईल परत. नाही आला तर नाही आला. दुकानाची लाइन मोकळी हवी ना. मोबाइलला लाइन नसते? बरं, नसते. तरी पण.

वाजतोय — नाही, तुमचा. तुमचा वाजतोय, घ्या. अमदावादची? इतक्यात? लागला नसेल तिला. बोला, बोला तुम्ही, मी गप्प आहे.

काय?

दिलं? हो म्हणाला? तिला विचारा दोनदा विचारलं का, दोनदा विचारायचं असतं. दोन्हीदा हो. आवाज चढला होता का? तसं नाही कसं, विचारा ना, भांडला का काही, कोण प्रागजी वगैरे? नाही. नुसतं न्यायला हो म्हणाला असेल. मालक पण — मालक पण मलाच लिहा म्हणाला? सगळंच? त्याच्याकडे काहीच नको? कारण काय दिलं? काय म्हणाला, तेच शब्द सांगा. परत सांगा. "ते मोटाभाईंचंच आहे." मोटाभाई म्हणाला? तुम्ही पदरचं घालत नाही ना, मला बरं वाटावं म्हणून? नाही. म्हणाला तर. ओळख ना पाळख त्या मुलीला म्हणाला, मोटाभाईंचं आहे, आणि मला एक फोन — खोकत होता का विचारा. राहू द्या, ती कुठून सांगणार. ठेवा. ठेवा फोन, तिचं काम चोख झालं. कंपनी चांगली आहे.

अभिनंदन कसलं करता, बेन. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पाच पंचांना जे जमलं नाही ते तुम्ही-आम्ही चहा पिता पिता करून टाकलं. एवढं एकच सामाईक होतं आमचं. आता पुढच्या लाभपाचमला कोड कुणाच्या फोनवर येणार? माझ्या. मीच वाचायचा आणि मीच लिहायचा. — अहो, हे परत त्याच्या नावावर करता येतं का? आज, आत्ता, त्याला न विचारता? नाही ना. नाहीच होणार. न विचारता हलवणारी नको, असं मीच बसून तुम्हाला शिकवलं.

नाही, मला काही होत नाही, भट्टीचा धूर आहे. पेटलेली नाही? मग कालचा असेल. उठा तुम्ही, तुमच्या दुकानात लोक खोळंबले असतील. ते अडदिये बांधून न्या, सगळे न्या. आणि तो फोन मला नका देऊ हातात, राहू दे तिथेच. जा, बेन. जा आता.