आज मिस्साला का नाही आलात?

पेटीवाले, थांबा जरा. टाळ खाली ठेवा. मंडळी, कीर्तनाचा गजर सुरू करण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. आपलं चर्च कोणतं, हे ओळखायचं कसं?

सोपं आहे म्हणता? घराजवळचं ते आपलं! बरं. मग घराजवळचा दवाखाना सोडून तुम्ही गावभर डॉक्टर का शोधत फिरता? हसू नका! जिथं फादरांचा उपदेश लवकर आटोपतो ते आपलं? - हे मागून कोण बोललं ते मी पाहिलंय हं! असो. ऐका.

नेवासे तालुक्यातल्या एका खेड्यात सगुणाबाई आढाव नावाची म्हातारी होती. नवरा देवाघरी गेलेला. एकुलता एक मुलगा पास्कल पुण्यात कंपनीत. म्हातारी घरात एकटी. गेल्या थंडीत ओट्यावरून घसरून पडली, सकाळपर्यंत तशीच पडून. शेजारणीनं दार लोटलं म्हणून वाचली! पास्कल धावत आला, आईला गाडीत घातलं न् पुण्याला आणलं. सून रोझलिन, तीही चांगली. खाणंपिणं, औषध, कशाला कमी नाही.

पण म्हातारीनं पहिल्याच दिवशी बजावलं - "पास्कल, समदं बेस हाय. पर मला देऊळ पायजे. आपलं वाटंल असं. न्हाई गावलं, तर म्या माघारी जाईन."

आणि माघारी म्हणजे कुठं? त्याच ओट्यावर. एकटी!

आता गंमत बघा. रविवार उजाडला. पास्कलची रात्रपाळी लांबली, तो काही वेळेवर आला नाही. म्हातारी कसली थांबते! सुनेला घेतलं, खाली उतरली, रिक्षावाल्याला म्हणाली, "देवळात चल बाबा." रोझलिन फोनवर, तिचं लक्ष नाही. रिक्षावाल्यानं बिचाऱ्यानं नेलं देवळात. मारुतीच्या! समोर शेंदूर, रुईच्या माळा, घंटा! म्हातारी म्हणते, "अगं, हितं क्रूस कुठंय?" रिक्षावाला म्हणतो, "आजी, देऊळ म्हणालात ना?" आता आपल्या नगरकडं चर्चला देऊळच म्हणतात, त्याला तो काय करणार? त्याची काही चूक नाही. माणूस भला, त्यानंच विचारत विचारत चर्चला पोचवलं.

चर्च केवढं मोठं! दारात स्वागत समिती. छातीवर बिल्ले, हातात गुलाब. मिस्साची उपासना संपताना माइकवरून पुकारलं, नवीन आलेल्यांनी उभं राहा! या दोघी उभ्या राहिल्या. टाळ्या! केवढ्या टाळ्या! मग सगळे पार्किंगकडं पळाले. म्हातारी हातात गुलाब धरून उभी. नाव काय तुमचं, आजी? - एकानं विचारलं नाही. मी त्यांना नावं ठेवत नाही हं. गुलाब ताजा होता.

पुढच्या रविवारी दुसरं चर्च. म्हातारीनं गावच्या रीतीप्रमाणं दारात चपला काढल्या. गावाकडं आपण चपला घालून आत जातो का? नाही ना! पण तिथं कुणीच काढत नव्हतं. झाडणाऱ्या माणसाला वाटलं, कुणीतरी टाकून दिलेला जोड आहे. गेला कचऱ्यात! मिस्सा संपली, चपला नाहीत. सभ्य माणसं जमली. म्हणाली, "आजी, इथं चपला काढत नाहीत." बस्स, एवढंच सांगितलं. डांबर तापलेलं. म्हातारी अनवाणी रिक्षापर्यंत गेली आणि रिक्षात बसून रडली. पाय पोळले म्हणून नव्हे, मंडळी. आपण इथं कुणाच्याच नाही, हे तिला त्या दिवशी कळलं.

तिसरं चर्च आडबाजूला. पास्कलही बरोबर आला होता. पत्र्याचं छप्पर, पंखे कुरकुरणारे. स्वागत नाही, गुलाब नाही, काही नाही! म्हातारी या वेळी नव्या चपला घालूनच आत गेली. देवासमोर चपला! जीव नुसता कानकोंडा झाला. कोपऱ्यात बसली.

अर्पणाचं गीत सुरू झालं आणि म्हातारीचा चेहरा उजळला. हे तर गावचं गीत! तिनं आवाज लावला. आवाज कसला, शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जाणारा! पण शब्द तेच, चाल वेगळी. गायनमंडळ पुढं, म्हातारी मागं. ते खाली उतरतात, ही वर चढते. पेटीवाल्याला कळेना कुणाच्या मागं जावं. शेवटी तो गेला म्हातारीच्या मागं! फादर हात जोडून वाट बघतायत, ही आपली कडवं ओढतेच आहे!

मिस्सा संपली तशी गायनमंडळाची बर्नाडेट मावशी तरातरा आली. कमरेला पदर.

"आजी, ही चाल कुठून आणलीत?"

"आमच्या गावची हाय."

"चुकीची आहे!"

"तुझी चुकीची! माझ्या सासऱ्यानं हातात टाळ देऊन शिकीवली मला!"

"सासऱ्यांचं राहू द्या. धृपद खालून घ्यायचं असतं!"

"खालून? तोंडात मारल्यावानी?"

पास्कलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आई, चल." बाहेर आल्यावर म्हणाला, "झाली हौस? इथंही भांडण!" म्हातारी घरी येऊन एवढंच म्हणाली, "मला गावी सोड."

पुढचा रविवार. मिस्साला कुणी गेलं नाही. गाठोडं बांधलेलं, दुपारची एसटी. रोझलिन डोळे पुसत डबा भरतेय. पास्कल आईकडं बघत नाही. एवढ्यात बेल वाजली.

दारात बर्नाडेट मावशी! घामाघूम. प्रत्येक सोसायटीच्या वॉचमनला विचारत आली होती, भांडणाऱ्या आजी कुठं राहतात म्हणून!

पास्कलनं हात जोडले. "मावशी, झालं गेलं सोडून द्या."

"तू बाजूला हो. आजी, आज मिस्साला का नाही आलात?"

म्हातारी बघतच राहिली. "का म्हंजी?"

"का म्हंजी काय? आठवडाभर आमच्यात तुमच्या चालीवरून जुंपलीय! पेटीवाला म्हणतो तुमचीच खरी. आज सगळे कोपऱ्याकडं बघत बसले, आणि तुम्ही घरात! असं भांडण अर्धं टाकून जातात होय?"

म्हातारीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. "बाई, या शहरात मला कुणी इचारलंच न्हवतं गं, का न्हाई आलीस म्हणून."

बर्नाडेट जराशी नरमली. जराशीच! "रडा नंतर. आधी धृपद म्हणून दाखवा."

दोघींनी तिथंच फरशीवर बसकण मारली. म्हातारी वरून घेते, बर्नाडेट खालून! एसटी गेली. कुणाला आठवलीसुद्धा नाही. रोझलिननं भरलेला डबा उघडला आणि सगळे तिथंच जेवले.

चाल ठरली का? छे! अजून भांडतात. पण म्हातारी पुण्यातच आहे.

तर मंडळी, उत्तर मिळालं? जिथं तुमच्या येण्यानं टाळ्या पडतात ते नव्हे. जिथं तुमच्या न येण्यानं कुणाचं तरी डोकं फिरतं, ते चर्च आपलं!

मान डोलावू नका. तेवढ्यानं मी तुम्हाला सोडणार नाही. तुमच्या बाकावर गेल्या रविवारी कोण नव्हतं? आठवा. त्या खांबाजवळ बसणारं नवीन कुटुंब, लहान मुलगी असलेलं - आज दिसतंय का? नाव काय त्यांचं? - कुणालाच माहीत नाही? महिनाभर शेजारी बसलात, शांतीचं अभिवादन केलंत, हात हातात घेतलात, आणि नाव माहीत नाही?

पेटीवाले, पेटी बंदच ठेवा. गजर आज होणार नाही. आधी कुणीतरी उठा, आणि त्यांचं घर शोधून या.