मागच्या फाळक्यावरची पुट्टी

मी, खाली सही करणारी, वय ४४ वर्षे, शिक्षण बारावी, व्यवसाय शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस, राहणार बाजारामागची गल्ली, स्वतः ठाण्यात येऊन सांगते की,

माझे पती स्वतःच्या पिकअपवर मालवाहतूक करीत. चार महिन्यांपूर्वी सकाळी खाणीच्या वळणावर गाडी खाली खाणीत गेली आणि ते जागीच वारले. त्यांना डुलकी लागली असावी, अशी नोंद झाली. गाडी समोरून पूर्ण चेपली होती. ती माझ्या धाकट्या दिरांच्या आवारात आणून ठेवली. "वहिनी, भंगारात घाला, बघवत नाही," असे दीर म्हणत. मला गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची होती. काल दीर बाहेरगावी होते. तेव्हा मी ती ओढून पत्राकाम करणाऱ्या मिस्त्रींकडे नेली.

आज दुपारी मी गॅरेजात गेले. मिस्त्री मागच्या फाळक्याचा, म्हणजे माल चढवताना पाडतात त्या पत्र्याच्या दाराचा, जुना रंग घासत होते. त्यांनी मशीन थांबवून मला हाक मारली. डाव्या कोपऱ्यात रंगाखाली, पत्र्याचे पोचे भरतात ती पुट्टी वीतभर लावलेली होती. ते म्हणाले, "ताई, तोंड फुटलेल्या माणसाच्या टाचेला मलम लावल्यासारखं झालंय हे. पुढं सगळा चुराडा, आणि मागं एवढी नाजूक मलमपट्टी कोणी केली?"

पतींनी ती केली नव्हती. ते पुट्टी वापरत नसत. गंजलेला भाग कापून नवा पत्रा जोडत, मी बॅटरी धरत असे. "पत्र्याला पत्राच लागतो, पीठ नाही," असे म्हणत.

मिस्त्रींनी पुट्टी हाताने उकरून काढली. खाली आत गेलेला खड्डा होता आणि त्यात पिवळ्या रंगाचे ओरखडे होते. आमची गाडी पहिल्यापासून निळी आहे.

तेवढ्यात दीर आले. गाडी आवारात नाही हे त्यांना घरी कळले असावे. आमचे बोलणे असे झाले.

"वहिनी, मला न विचारता?"

"तुम्ही नव्हता, भावजी."

"आणली तर आणली. चला, मी घरी सोडतो. मिस्त्री, तो कोपरा घासून टाका, आजच प्रायमर मारा."

"लाइट गेलीय, साहेब," मिस्त्री म्हणाले. त्यांच्या डोक्यावरचा पंखा फिरत होता.

दिरांनी पंख्याकडे पाहिले. मग कट्ट्यावरचा पॉलिश पेपर उचलला. "द्या, हातानं घासतो. दादाची गाडी आहे, माझेही हात लागू देत."

मी फाळक्याला पाठ लावून उभी राहिले. दीर म्हणाले, "बाजूला व्हा. साडी खराब होईल." मी झाले नाही. ते माझ्या अगदी जवळ आले. मिस्त्री हातोडी घेऊन नुसतेच माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. नंतर दीर पेपर टाकून निघून गेले.

विचारल्यावरून सांगते की, दिरांचा टेम्पो पिवळा आहे. पिवळे टेम्पो पुष्कळ असतात, हे मला माहीत आहे. अपघाताच्या आठवड्यात दिरांच्या टेम्पोचा पुढचा बंपर बदलला. गोदामावर जो आधी पोहोचेल त्याला पहिला माल मिळतो. त्या सकाळी दोघे भाऊ एकाच गोदामाकडे निघाले होते. जाताना दोघेही हसत होते. मी दोघांना डबे दिले होते.

मी कोणावर आरोप करीत नाही. फाळका मिस्त्रींनी खोलून दिला. तो हातगाडीवर घालून आणला असून बाहेर पायरीला टेकवला आहे. तो आत घ्यावा, कोणी पुसू नये.

आता कोठे जाणार, असे विचारल्यावरून सांगते की, घरीच. खाली दीर राहतात, वर मी आणि सासूबाई. संध्याकाळचे औषध त्यांना मीच देते. फाळका कोठे गेला हे त्या विचारणार नाहीत, पण मी कोठे गेले होते हे विचारतील. त्यांना आता दीर एवढेच उरले आहेत.

हा मजकूर हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. शेवटचे वाक्य खोडू का, असे त्यांनी विचारले. मी नको म्हणाले. सगळे मी सांगितले तसेच लिहिले आहे.