एक काना

शेजारीण : ‘बसा’ नाही म्हणाल्या. ‘बस’ म्हणाल्या. आता हे काय भिंतीवर लिहून ठेवू?

पंडित : पण काकू, तुमच्याच जबाबात ‘बसा’ आहे. खाली सही तुमची.

शेजारीण : सही माझी. अक्षर कुणाचं?

मॅडम : पंडित, वाच बघू.

पंडित : ‘भिंतीपलीकडून मयत बाईंचा आवाज आला की, बसा, पाणी आणते. त्यानंतर काही ऐकू आले नाही.’

शेजारीण : ‘आवाज आला की’. मी अशी बोलते का? मी सांगितलं, बाई म्हणाल्या, ‘बस, पाणी आणते.’ यांनी मान डोलावली आणि आपल्या मनाचं लिहिलं.

मॅडम : काना तू लावलास?

पंडित : मॅडम, जबाबात एकेरी लिहीत नाहीत. प्रशिक्षणातच सांगतात. वाईट दिसतं. मी सगळ्यांचेच जबाब नीट करून घेतो.

मॅडम : म्हणून खात्यात तुला पंडित म्हणतात. वेलांटी चुकत नाही तुझी. माणूस चुकतो.

शेजारीण : तुम्ही आधी खाली बसा बाई. फेऱ्या घालून माझी फरशी झिजवाल.

मॅडम : बसवत नाही ताई. त्या ‘बसा’वर एक माणूस आत आहे. तीन शहरांत तीन बायका मारल्या गेल्या. तिघी एकट्या राहणाऱ्या. कुलूप शाबूत, झटापट नाही, टेबलावर पाण्याचा भरलेला ग्लास. तिथल्या पोलिसांना उलगडेना म्हणून केंद्रानं आमचं पथक पाठवलं. तुमच्या जबाबात ‘बसा’ वाचलं आणि आम्ही ठरवून टाकलं, हा परका. कामाला आलेला कोणीतरी. मग तिन्ही शहरांत पाण्याचे फिल्टर बसवत फिरलेला एक जण सापडला. घेतला आत.

शेजारीण : पेपरात वाचलं. फोटोत तुम्ही होतात, रुबाबात.

मॅडम : होते. तो फिल्टरवाला आत एकच सांगतो. पाणी विकणारा माणूस मी, दुसऱ्याच्या दारात पाणी कशाला मागू? सगळे हसले. मीही हसले. मग झोप उडाली. म्हणून आज परत आलो.

पंडित : काकू, भिंत जाड आहे. ऐकण्यात चूक झाली नसेल?

शेजारीण : या भिंतीतून मी त्यांची शिंकसुद्धा ओळखायची. बाल्कनीतल्या गळक्या पाण्यावरून आमचं बोलणं बंद होतं. बोलणं बंद असलं की माणूस जास्त ऐकतो, लग्न झालेलं नाही वाटतं तुमचं? आणि ती बाई कुणालाही एकेरी बोलत नव्हती. पेपर टाकणाऱ्या पोराला ‘अहो’. मांजराला ‘अहो’. माझ्याशी भांडताना, ‘अहो, तुम्ही शुद्ध मूर्ख आहात.’ म्हणून तर तो ‘बस’ माझ्या कानात राहिला.

मॅडम : कुणालाच एकेरी नाही? आठवा.

शेजारीण : एक जात सोडून. विद्यार्थी. शाळेत गणित शिकवायच्या ना. त्या गेल्या त्याच्या आदल्याच आठवड्यात बाजारात एक टकलू भेटला, पोट हे एवढं, बरोबर नातवंडं. बाई त्याला म्हणाल्या, ‘काय रे, पाढे अजून अडखळतोस?’ तो लाजला बिचारा.

मॅडम : पंडित, आपल्या कागदात बाईंपुढे काय लिहिलंय?

पंडित : ‘निवृत्त’.

मॅडम : आणि बाकीच्या दोघींपुढे?

पंडित : निवृत्त. निवृत्त.

मॅडम : कशातून, ते एकालाही विचारावंसं वाटलं नाही. वा. तीन शहरांचे पोलिस, वर केंद्राचे आपण शहाणे, आणि सगळ्यांना ‘निवृत्त’ पुरलं.

शेजारीण : त्यांच्या पुढच्या खोलीत शाळेचा फोटो आहे. मुलांची निवासी शाळा होती. बंद पडली म्हणे मागेच. फोटो रोज पुसायच्या.

पंडित : पंचनाम्यात त्या भिंतीचा फोटो काढलाय मी. माझ्या मोबाइलवर आहे. एक मिनिट. हा.

मॅडम : मोठा कर. खाली काय छापलंय?

पंडित : ‘बसलेले, डावीकडून : मेट्रन, गणित, मुख्याध्यापक, चित्रकला, ग्रंथपाल.’ मागे सगळी पोरं उभी. मॅडम.

मॅडम : बोल ना.

पंडित : ही मेट्रन. हिची भुवई बघा, मधेच तुटलेली. ही आपली पहिली. आणि चित्रकला म्हणजे... दुसरी. केस काळे आहेत म्हणून ओळखू येत नव्हती.

शेजारीण : आणि गणित आमच्या. अरे देवा.

मॅडम : मुख्याध्यापक?

शेजारीण : ते केव्हाच वारले. बातमी आली त्या दिवशी बाईंनी एक अक्षर काढलं नाही तोंडातून. मला वाटलं दुःख असेल. आता वाटतं, काय होतं कोण जाणे.

मॅडम : म्हणजे या रांगेत एकच उरलीय. ग्रंथपाल. आणि तो फोटोत मागे उभा आहे, यातलाच कोणीतरी. पंडित, बाईंच्या फोनमधले नंबर काढले होते आपण.

पंडित : काढले होते. इतर दोघींच्या नंबरांशी जुळवायचे राहिले. फिल्टरवाला सापडल्यावर वरून निरोप आला, आता पुरे.

मॅडम : माणूस सापडला की आपलं डोकं रजेवर जातं. ‘ग्रंथपाल’ शोध.

पंडित : नाही. ‘लायब्ररी’ आहे, पुढे शहराचं नाव.

मॅडम : लाव. तू दुसऱ्या फोनवर त्या शहराचा कंट्रोल रूम धर. ताई, पंखा बंद करा.

(फोन स्पीकरवर.)

ग्रंथपाल : हॅलो? जरा मोठ्यानं बोला, मला कमी ऐकू येतं. काय रे? अरे बस ना, उभा का? बस, पाणी आणते. हं, कोण बोलतंय?

मॅडम : मावशी, मी भाची बोलतेय.

ग्रंथपाल : भाची? कुठली?

मॅडम : गणिताच्या बाईंची. घरी कोणी आलंय वाटतं. शाळेतला विद्यार्थी का?

ग्रंथपाल : हो गं. तुला कसं कळलं? किती वर्षांनी आलाय. मी आधी ओळखलंच नाही, मग हसला आणि ओळखलं.

मॅडम : मावशी, नीट ऐका आणि हसऱ्या आवाजातच बोला. मला एक पार्सल पाठवायचंय. पत्ता सांगा.

ग्रंथपाल : पार्सल कशाला उगाच. बरं, जुन्या टपाल कचेरीची गल्ली, कापड दुकानाच्या वर, दुसरा मजला.

पंडित : मिळाला. सांगतोय त्यांना.

मॅडम : आता त्याला मोठ्यानं सांगा, घरात आवाज तुटतोय, जिन्यात जाऊन बोलते.

ग्रंथपाल : पण पाणी द्यायचंय त्याला.

मॅडम : नको.

ग्रंथपाल : गॅसवर दूध ठेवलंय.

मॅडम : उतू जाऊ दे. मावशी, तुमच्या जीवाचा प्रश्न आहे. हसत बाहेर या.

ग्रंथपाल : ... अरे, आवाज तुटतोय बघ हिचा. मी जिन्यातून आलेच. तू बस हं. उठू नको.

शेजारीण : गप्प का झाल्या? काहीच येत नाही.

मॅडम : शू.

ग्रंथपाल : आले बाहेर. चपला राहिल्या.

मॅडम : राहू देत. दाराला बाहेरून कडी आहे?

ग्रंथपाल : आहे.

मॅडम : लावा. आवाज न करता.

ग्रंथपाल : त्याला कोंडू? अगं, पुस्तकं वेळेवर परत करणारा एकटाच होता तो. पानं दुमडायचा नाही कधी.

मॅडम : लावा मावशी.

ग्रंथपाल : ... लावली.

मॅडम : आता खाली दुकानात जा. माणसांत बसा. मी भाची नाही, केंद्रीय पथकातली अधिकारी आहे.

ग्रंथपाल : पोलिस? काय केलंय त्यानं?

मॅडम : आधी खाली उतरा. तो काही बोलला तुमच्याशी?

ग्रंथपाल : विचारत होता. म्हणाला, मुख्याध्यापक माझ्याशी कसं वागतात ते मी तुम्हा चौघींना एकेकीकडे जाऊन सांगितलं होतं. तुम्ही ऐकलं का नाही? काय उत्तर देणार? म्हटलं, बस, पाणी आणते.

मॅडम : आणि तेव्हा, लहान असताना तो सांगायला आला, तेव्हा काय म्हणाला होतात?

ग्रंथपाल : तेव्हाही हेच.

पंडित : मॅडम, गाडी गल्लीत शिरलीय.

मॅडम : मावशी, फोन दुकानदाराकडे द्या. पोलिस आलेत.

शेजारीण : चौघींनी ऐकून घेतलं नाही म्हणून तीन जीव? आणि ज्यानं छळलं तो म्हातारा अंथरुणात सुखानं गेला. कुणाला शिव्या घालाव्यात तेच कळेना.

मॅडम : घाला ताई, जितक्या सुचतील तितक्या. मला लिहिता येत नाहीत.

पंडित : मॅडम. धरला.

मॅडम : काही केलं नाही ना कुणाला? पळायला बघत होता?

पंडित : नाही. कडी अगदी साधी होती म्हणतात, एका लाथेत निघाली असती. पण हा खुर्चीत तसाच. हात मांडीवर, दूध उतू जाऊन घरभर वास. ऊठ म्हटलं तर म्हणाला, ‘बाईंनी बस म्हटलंय.’

मॅडम : आणखी काय बोलला?

पंडित : त्यानं तिन्ही नावं घेतली. स्वतःहून. हे कसं लिहू मॅडम?

मॅडम : तो बोलला तसं. तुझं व्याकरण खिशात ठेव.

शेजारीण : आणि तुमचा तो फिल्टरवाला? त्याला आत काय म्हणत होतात, अहो की अरे?

पंडित : अरे.

शेजारीण : कागदावर बसा आणि कोठडीत बस. चांगलं आहे तुमचं.

मॅडम : तुरुंगात फोन लाव, पंडित. तूच लाव.

पंडित : हॅलो, केंद्रीय पथकातून बोलतोय. तो फिल्टरवाला... ते फिल्टरवाले आहेत ना, त्यांना बराकीतून कचेरीत आणा. सुटकेचा हुकूम मागोमाग येतोय. तोवर खुर्ची द्या त्यांना. आणि म्हणा, बसा. ...नाही, नाही. बस नाही. बसा.