दूध उतू गेलं त्याची रेकॉर्ड

...आणि वर मलाच म्हणतो, "काकू, लाल दिवा लागला की शिंकायचंसुद्धा नाही!" आता मला सांगा, शिंक काय दिवा बघून येते? स्वतःच्याच घरात मी मांजरीच्या पावलांनी चालायचं, कुकर लावायचा नाही, बादली सरकवायची नाही... का? तर शेजारच्या रेकॉर्डवाल्याकडे गाणं चाललंय! कंपनी आहे म्हणे त्याची. कसली कंपनी हो, एक खोली, भिंतींना गाद्या बांधलेल्या, आणि मालक, नोकर, हमाल सगळं हा एकटाच! एकदा एक जण आला, तासभर पत्र्याच्या डब्यावर बोटं फिरवून गेला. मी याला विचारलं, "आधी बसवलंय तरी का रे काही?" तर म्हणे, "बसवायचं नसतं काकू, सुचेल तसं वाजवायचं, आणि इथं झालं ते झालं, पुन्हा नाही, काटछाट नाही." बरं बाबा! मला काय करायचंय म्हणा!

पण तुम्हाला सांगते, एक दिवस आल्या एक आजी. डोंगरापलीकडून, दोन गाड्या बदलून. त्यांच्याकडे एक गाणं होतं, ते येणारं दुसरं कुणी उरलंच नव्हतं. आणि अट काय? "एकदाच म्हणेन. परत म्हण म्हणालास तर उठून जाईन." दोन वर्षं उंबरठा झिजवला होता हो यानं त्यांचा! मला कसं कळलं? अहो, भिंतीला कान लावला की कळतं सगळं. मला काय करायचंय म्हणा!

तर दुपारची वेळ, दिवा लागलेला, आजींचा आवाज जुन्या दारासारखा, करकरणारा, पण आत ओढून घेणारा... मी भिंतीला चिकटलेली, आणि नाकात भसकन वास! आजींच्या चहासाठी यानं मागच्या पडवीत शेगडीवर दूध ठेवलेलं, आणि विसरला, मेला! आता दिवा बघू की घर बघू? खिडकीतून ओरडलेच, "अरे, दूध उतू गेलं!"

गाणं थांबलं.

दोन वर्षांची मेहनत, ते एकुलतं एक गाणं, दुधाबरोबर गेलं की! आणि तेवढ्यात... आजींनी माझाच सूर उचलला! "दूध उतू गेलं बाई, लेक काही आली नाही..." आणि असं गायल्या, असं गायल्या, की मी ओट्याला टेकून पदर ओला केला. पातेल्याचा कोळसा झाला, पण तो काही उठला नाही!

मी म्हटलं, "माझं ओरडणं तेवढं काप रे." तर म्हणे, "झालं ते झालं, काकू!" आणि छापलं की वेष्टनावर: 'आवाज: आजी आणि शेजारच्या काकू'!

मग काय, मध्यंतरी चौघे वाजवणारे आले, म्हणे काकूच हव्यात. बसवलं मला माइकसमोर. "बोला काकू, सुचेल ते बोला!" अहो, जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला बोला म्हणालं... आणि माझी वाचाच बसली! ते माझ्या तोंडाकडे बघतायत, मी दिव्याकडे बघतेय. सात मिनिटं! आणि त्या मेल्यानं त्यांचीही रेकॉर्ड काढली!

आमचे हे रोज संध्याकाळी तीच लावून बसतात. डोळे मिटून. म्हणतात, "काय अप्रतिम चीज आहे!"

ऐकू देत. मला काय करायचंय म्हणा...