गोड्या बावेची बाटली

न्हाय न्हाय, तिथं नका बसू म्याडम, तो दगड बुळबुळीत हाय — इकडं कठड्यावर या. आणि ती पेटी ठेवा खाली, कोण न्हाय पळवत. निळी पेटी, पांढरं झाकण — ओळखते बरं का मी ही पेटी. फिरायला आलात म्हणता? लाँचमधून उतरल्यापासून बघतेय मी तुम्हाला. फिरायला आलेली माणसं आधी पोवळ्याच्या खडकाकडं पळतात, फोटो काढतात, मग म्हणतात शहाळं हाय का. तुम्ही उतरलात ते सरळ विचारलंत, प्लांट कुठं हाय. संडासाचं पाणी बघायला कोण फिरायला येतं हो? मी काय आजची हाय? तीन वर्षं झाली, हा प्लांट आमचा बचत गट चालवतो, आणि गटाची अध्यक्ष मी — बायजा. लिहिलंत ना नाव? लिहिलंत, बघितलं मी. प्रज्योतनं पाठवलंय ना तुम्हाला? खरं सांगा. टुरिस्टांना पाण्याखाली न्यायची बोट हाय त्याची, त्याला हे काम त्याच्या माणसाला द्यायचंय, म्हणून कान भरत फिरतो — बायका काय मशीन चालवणार, बायकांना काय कळतं! कळतं, सगळं कळतं. ओळखत न्हाय म्हणता त्याला? बरं. न्हाय तर न्हाय.

विचारा, काय विचारायचं ते. लपवायला काय हाय आमच्याकडं? बेटावरची साठ घरं आणि वर ह्या टुरिस्टांच्या खोल्या, सगळ्यांची घाण पाइपातून इथं येते, ह्या दोन टाक्यांत बसते, मग त्या कर्दळींच्या मुळांतून गाळून समुद्राला जाते. आधी सरळ खडकावरच जायची. मग शहरातली शिकलेली माणसं आली, ओहोटीला खडकावर वाकून वाकून बघितलं आणि म्हणाली, अहो हे पोवळं हाय, जितं हाय, हे मेलं तर परत यायचं न्हाय. आता आम्ही लहानपणापास्नं त्यावर पाय देऊन कालवं काढणार, आम्हाला काय ठाऊक दगडात जीव हाय ते! पण खरं सांगू, तेव्हापास्नं मी दर उधाणाच्या ओहोटीला जाऊन बघून येते. हसू नका. मटकीला मोड यावेत तसं दिसतं ते, बारीक बारीक. एका कोपऱ्यात पांढरं पडलं होतं तेव्हा चार दिवस जेवण गेलं न्हाय मला. माझा प्रणय म्हणतो, आये, सुनेकडं बघ जरा, दगडाकडं काय बघतेस.

रिपोर्ट? कुठला रिपोर्ट? — हां, तो. आला, आला की. सोमवारी आला मोबाइलवर. आज शनवार. सगळे आकडे लाल. तीन वर्षांत एकदा लाल न्हाय आलं आणि आता एकदम सगळं लाल — तुमच्या मशीनचीच काहीतरी चूक असणार. तुमच्या म्हणजे — बघा, बघा कशी पेटी मागं सरकवलीत! लॅबवाल्याच ना तुम्ही? म्हटलं न्हाय मी, पेटी ओळखते? महिन्याला एक, अशा छत्तीस बाटल्या ह्या हातांनी भरून, बर्फात घालून अशाच पेटीतून पाठवल्यात मी. मग सरळ तोंडावर सांगायचं ना, बायजाबाय, लॅबमधून आलेय. हे असं पाळतीवर आल्यासारखं कशाला? खाई त्याला खवखवे म्हणतात, आम्ही काय खाल्लंय?

बाटली कुठून भरते म्हणजे? तिथून. तो शेवटचा नळ दिसतो ना, कर्दळींच्या पलीकडं, गाळून झालेलं पाणी येतं तिथून. चला, दाखवते की. उघडा — अहो जोर लावा. गंजलाय जरा, खारी हवा हाय, गंजायचंच. — ते नळाच्या तोंडातलं कोळ्याचं जाळं होय? कालपरवा लावलं असेल कोळ्यानं, त्याला काय वेळ लागतो? — का हो, असं का बघताय? मी खोटं बोलते?

बसा. बसा परत कठड्यावर. सांगते, पण हे त्या वहीत न्हाय लिहायचं. ठेवा पेन खाली. — पहिली बाटली आली ना, तीन वर्षांपूर्वी, तर काय सांगू तुम्हाला, इतकी देखणी बाटली! उकळून आणलेली, आत बोट घालू नका म्हणाले, वर पांढरं बूच, आणि चिठ्ठीवर आमच्या गावाचं नाव छापलेलं. जिल्ह्याला जाणार, मोठे सायेब बघणार. आता त्यात संडासाचं पाणी भरू? गावाचं नाव लावून? पाहुण्याला कुणी फुटक्या कपात चहा देतं का? मला लाजच वाटली हो. मी गेले गोड्या बावेवर — ती विहीर काय, त्या माडांच्या मागं, सगळ्या बेटावर गोडं पाणी तेवढ्याच बावेला, अख्खं गाव तिचंच पितं — नवीन दोरीनं पाणी काढलं आणि भरली. रिपोर्ट आला, पाणी उत्तम. सभेत टाळ्या वाजल्या, मला साडी दिली. मग दुसऱ्या महिन्याला काय करणार? एकदा गोडं पाठवलं, आता घाण पाठवायची? लोक म्हणाले असते, बायकांनी प्लांट बिघडवला. तो प्रज्योत टपूनच होता. इतकं स्वच्छ पाणी येतंच कसं म्हणून तुमच्या सायबांना शंका होती? मग तेव्हाच यायचं होतं की! तीन वर्षं झोपला होतात?

व्हय. — व्हय, म्हणजे तेच. तुम्हाला कळलं ते मलापण सोमवारीच कळलं. मी काय खुळी हाय? लाल आलंय ते प्लांटचं न्हाय. बावेचं आलंय.

कशानं म्हणजे — आता सगळंच विचारणार का? प्रणयनं दोन खोल्या बांधल्या श्रावणाआधी, टुरिस्टांसाठी. चिऱ्याचा दगड उतरवला तो बावेजवळ, चेंबरवर. चेंबर म्हणजे पाइपाचा हौद असतो ना जमिनीत, त्यावर. झाकण फुटलं, खालची भिंतपण तडकली. मी बघितलं. वर प्लास्टिक टाकलं, दगड ठेवले, म्हटलं पाऊस उघडला की करू. पोराचं पहिलंच बांधकाम, त्यात गावासमोर कुठं त्याला उभं करू? आणि गट माझा, चेंबर बघायचं काम माझं. दर महिन्याला झाकण उघडून बघायचं, असा कागदच हाय. त्या कागदावर सह्या केल्यात मी. आता म्हणा काय म्हणायचं ते.

सांगितलं कुणाला? कुणाला न्हाय. सांगू कशी? बावेचं पाणी खराब झालं म्हटलं की पयला प्रश्न, तुला कसं कळलं गो बायजा? बावेचं पाणी कधी कुणी तपासलंय? मग बाटलीचं निघणार, मग तीन वर्षांचं निघणार, प्लांटचं खरं पाणी कसलं हाय ते कुणालाच ठाऊक न्हाय हे निघणार. ते पोवळं आमच्यामुळं जगलं का आम्ही त्याला मारतोय, मलासुद्धा सांगता यायचं न्हाय. टुरिस्ट बंद, गट बंद, प्रणयच्या खोल्या बंद. म्हटलं, गुपचूप चेंबर बांधून घेऊ, बावेत औषध टाकू, पुढच्या महिन्याला रिपोर्ट चांगला येईल. गवंडी बुधवारपास्नं उद्या येतो म्हणतोय. — तशी मी हात बांधून बसले न्हाय हां! सुनेला, कल्पिताला, मंगळवारपास्नं बावेचा थेंब दिला न्हाय. पाचवा महिना तिचा. बोर्लीच्या बाजारातून पाण्याचे जार आणते मी, लाँचनं, वर गोणपाट घालून. तिला म्हटलं, डॉक्टरनं सांगितलंय. — अशा नका बघू. तुमची सून असती तर तुम्हीपण हेच केलं असतं.

बाकीचे? बाकीचे पितात. काय करू, साठ घरांना जार आणू? इतकी वर्षं पितात, काय होतंय! — हुस्नबानू पिते. शेजारीण माझी, गटात पण हाय, हा कठडा तिनं आणि मी मिळून बांधलाय. तिची महनूर आलीय बाळंतपणाला, दोन महिने झाले. मुंब्र्याला दिलीय. तिथलं पाणी पोरीला सोसेना, म्हणून हुस्नबानूच म्हणाली, घेऊन येते, आपल्या बावेचं पाणी पिऊन बाळ गुटगुटीत होईल. आठवा चालू हाय. लहानपणी पहिल्या दिवशी शाळेत सोडायला मी गेले होते तिला, हुस्नबानूला ताप होता म्हणून. परवापास्नं उलट्या होतायत तिला. होतात हो, पोटुशी बाईला उलट्या होणारच. — तिसऱ्यात होतात, व्हय, मला ठाऊक हाय. मला नका शिकवू, मी चार बाळंतपणं केलीत. काल गेले होते बघायला. डोळे जरा पिवळे वाटले, पण ते कसं, पिवळी ओढणी घेतली होती तिनं, तिचा रंग पडला तोंडावर. आणि त्यांच्या घरात उजेड कमी, खिडकी ती एकच. हुस्नबानू म्हणाली, बायजा, डोळे पिवळे दिसतात का गो हिचे? मी म्हटलं, न्हाय गो, ओढणी हाय ती.

उठलात का? काय झालं? — बसा की, लाँचला वेळ हाय अजून. — आठव्या महिन्यात कावीळ झाली तर काय होतं? — खरं सांगा. दोघांना? — आई पण?

म्याडम. बाय, ऐक. ओढणी हिरवी होती.

हिरवी होती गो. मी बघितलं, दारातच बघितलं, आणि घरी येऊन कल्पिताला जारमधलं पाणी दिलं. — मघाशी नको म्हटलं ते सोड, वहीत लिही, सगळं लिही, पण आत्ता न्हाय. आत्ता तू धावत जेटीवर जा, लाँचवाल्याला सांग आत्ताच सुटायचंय, न्हाय म्हणाला तर माझं नाव सांग. मी हुस्नबानूच्या दारात जाते. तिला मीच सांगते, तू मधे नको बोलूस. जा तू. मी पोरीला घेऊन येते.